'एएलपी' वाढले म्हणजे लिव्हरच बिघडले का?

रक्ततपासणीचा रिपोर्ट हाती आला की आपली नजर प्रथम साखर आणि कोलेस्टेरॉलवर जाते. त्याच कागदावर 'अल्कलाइन फॉस्फटेज' म्हणजे 'एएलपी' अशी एक ओळ असते. ब्रिटनमध्ये प्रौढांसाठी तिची मर्यादा साधारणपणे ३० ते १३० युनिट धरतात. आकडा त्यापुढे गेला आणि वर 'लिव्हर फंक्शन' असा मथळा असला की घरात लगेच पथ्यपाणी सुरू होते. माझ्या मते येथे जरा थांबावे.

हे एन्झाइम यकृतात असते तसे हाडांतही असते. १९२३ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रॉबर्ट रॉबिसन यांनी हाडे घडण्याशी त्याचा संबंध दाखवला. पित्ताचा मार्ग तुंबला तर ते वाढते, तसेच हाडे बनवणाऱ्या पेशींवर ताण पडला तरी वाढते. वाढत्या वयाच्या मुलांत व गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर ते वाढणे स्वाभाविकच आहे. म्हणून 'गॅमा जीटी' ही दुसरी तपासणी उपयोगी पडते. तीही वाढलेली असेल तर रोख बहुधा यकृताकडे, नसेल तर हाडांकडे.

आपल्याला हाडांची बाजू विसरून चालणार नाही. ग्लासगोतील पाकिस्तानी कुटुंबांत मुडदूस आणि हाडे मऊ पडण्याचा विकार १९६२ सालीच नोंदवला गेला. १९८१ मध्ये सरकारला आशियाई लोकांसाठी 'स्टॉप रिकेट्स' मोहीम काढावी लागली. सावळी त्वचा, अंगभर कपडे आणि इथले अपुरे ऊन यांमुळे 'ड' जीवनसत्त्व कमी पडते. तरीही आपल्या बायका कंबर-मांड्यांचे दुखणे 'थंडी बाधली', 'वय झाले' म्हणत अंगावर काढतात.

सुट्टीत पुण्या-मुंबईला जाऊन 'फुल बॉडी चेकअप'वर हजारो रुपये घालवण्यापेक्षा आपल्या जी.पी.ला सरळ विचारावे, "हे एएलपी लिव्हरचे की हाडांचे? 'ड' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम पाहायचे का?" मात्र एएलपी नॉर्मल आले म्हणून हाडे ठणठणीत, असेही समजू नये, ऑस्टिओपोरोसिसमध्ये ते बहुधा नॉर्मलच असते.

आपल्यासारख्यांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम 'ड' जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, असा एन.एच.एस.चा सल्ला आहे. त्या गोळीला दिवसाला काही पेन्सच पडतात. मनानेच मोठे डोस मात्र घेऊ नयेत. दुखणे अंगावर काढणे यापेक्षा केव्हाही महाग पडते.