पाचवे शील रुग्णाच्या डोक्यात हाणण्यासाठी नाही

रविवारच्या वंदनेनंतर विहाराच्या पायरीवर एका तरुणाने मला बाजूला घेतले. इस्पितळात कंत्राटी सफाई कामगार. हळू आवाजात म्हणाला, "काका, रक्तात कावीळ 'सी' निघाली. मी गांजा ओढतो. लिव्हर गेलं का आता?" डॉक्टरांना सांगितलेस का, असे विचारले तर म्हणाला, "सांगितलं तर औषध देणार नाहीत." आणि विहारात? त्याने मान खाली घातली. तिथे पाचव्या शीलाची भीती!

एक रुग्ण दोन्ही दारांतून परत फिरतो, हा आपल्या चळवळीचा पराभव आहे. म्हणून हा विषय उघडपणे मांडला पाहिजे.

आधी विज्ञान काय म्हणते ते पाहू. हिपॅटायटिस सी या विषाणूमुळे यकृत वर्षानुवर्षे सुजते आणि हळूहळू घट्ट होते. यालाच डॉक्टर फायब्रोसिस म्हणतात. २००५ साली फ्रान्समधील २७० रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की, रोज गांजा ओढणाऱ्यांत हे घट्ट होणे अधिक वेगाने होते. २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या अभ्यासानेही तसेच सुचवले. पण २०१३ साली कॅनडातून वेगळे उत्तर आले. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांवर काही वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा गांजामुळे यकृताचा आजार वाढल्याचे आढळले नाही. त्या संशोधकांनी एक शंका मांडली: भूक मेली, झोप उडाली म्हणून अधिक आजारी माणूसच अधिक गांजा ओढत असेल, तर आधीच्या अभ्यासांत परिणामालाच कारण समजले गेले नसेल ना?

याचा अर्थ गांजा औषध आहे, असा मुळीच नव्हे. धूर फुप्फुसाला मारतो, कोवळ्या वयातील व्यसन मनाला पोखरते. यकृताच्या बाबतीत मात्र पुरावा दुभंगलेला आहे. दारूच्या बाबतीत तो दुभंगलेला नाही. विषाणू आणि दारू एकत्र आले की यकृत झपाट्याने सडते, याबद्दल वैद्यकशास्त्रात वाद नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. भांग, गांजा, चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख. तरीही दारूच्या दुकानाला सरकारी परवाना, भांगेची पाने १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याबाहेर, आणि गांजाच्या पुडीला तुरुंग! पोलिसांची गाडी आधी कोणत्या वस्तीत शिरते, हे या दैनिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हिपॅटायटिस सी बरा होतो! २०१३ साली अमेरिकेत सोफोसबुविर हे औषध आले, तेव्हा बारा आठवड्यांच्या गोळ्यांची किंमत ८४ हजार डॉलर होती. आज भारतात हे उपचार सरकारी केंद्रांत मोफत आहेत; २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली. बहुतेकांना बारा आठवडे पुरतात आणि शंभरात पंचाण्णवच्या आसपास रुग्ण बरे होतात. नशा करतो म्हणून औषध नाकारू नये, असे जागतिक मार्गदर्शनही आहे. तेव्हा डॉक्टरांपासून काही लपवू नका. 'बी' म्हणजे पांढरी कावीळ. ती जुनाट झाली तर सहसा पूर्ण जात नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहते आणि लसीने टाळता येते. काविळीची माळ घालून, नाकात रस पिळून यातले काहीही होत नाही.

आणि तो तरुण आजारी पडला कशाने? गांजाच्या धुराने हा विषाणू येत नाही. तो रक्तातून येतो. इस्पितळाचा कचरा उचलताना वापरलेली सुई कोणाच्या हातात घुसते? पिढ्यान्पिढ्या झाडू ज्यांच्या हाती दिला, त्यांच्याच. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी ची लस देणे इस्पितळावर बंधनकारक आहे. 'सी'ची लस अजून नाही. तिथे जाड हातमोजे आणि सुई नष्ट करण्याची शिस्त हेच संरक्षण. कंत्राटदाराकडे याचा हिशेब कोण मागणार?

पाचवे शील माणसाने स्वतःच्या सावधानतेसाठी घ्यायचे आहे. ते दुसऱ्याच्या डोक्यात हाणायचे हत्यार नव्हे. तथागतांनी दुःख सांगितले, तसे त्याचे कारण आणि त्यातून सुटण्याचा मार्गही सांगितला. आपण नुसते दुःखी माणसाला शिव्या देऊन मोकळे होणार का?

येत्या जयंतीला डीजेच्या खर्चातून एक दिवस रक्ततपासणीचे शिबीर घ्या. सफाई कामगारांच्या लसीची यादी इस्पितळाकडे लेखी मागा. विहारात व्यसनाबद्दल बोलणाऱ्याला आधी बसायला जागा द्या. तो तरुण सोमवारी माझ्याबरोबर सरकारी केंद्रात आला. डॉक्टरांना त्याने सगळे सांगितले. औषध सुरू झाले आहे.

जयभीम!