घशापासून वायुकोशापर्यंत

इन्फ्लुएन्झाचा विषाणू शरीरात शिरतो तो नाक-घशाच्या अस्तरातून; रुग्ण दगावतो तो बहुधा फुप्फुसे निकामी झाल्याने. पुण्याने हे २००९ मध्ये जवळून पाहिले. ३ ऑगस्टला शहरातील चौदा वर्षांची शाळकरी मुलगी दगावली. स्वाइन फ्लूचा तो देशातील पहिला मृत्यू. नायडू रुग्णालयात तपासणीसाठी रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या आणि घशाच्या स्रावाचे नमुने राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जाऊ लागले.

घशाचा स्वॅब फक्त घशापुरता बोलतो. आजार खाली उतरल्यावर घशातला विषाणू कमी झालेला असू शकतो आणि अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून श्वासमार्ग वरचा आणि खालचा असा तोडून शिकणे घातक आहे. पाठ्यपुस्तकांतील दोन प्रकरणे रुग्णाच्या शरीरात एकच नळी असतात.

शवविच्छेदनात ही नळी वरून खाली वाचावी. श्वासनलिकेचे अस्तर लाल, सुजलेले दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली केसल पेशी झडून गेलेल्या असतात आणि कुठे कुठे तळाच्या पेशींचा एकच थर उरलेला असतो. निरोगी प्रौढाच्या दोन्ही फुप्फुसांचे वजन मिळून ८०० ग्रॅमच्या आसपास भरते. इथे ती कितीतरी जड, जांभळट लाल लागतात आणि कापल्यावर रक्ताळ पाणी ओघळते. वायुकोशांच्या भिंतींना चिकटलेली गुळगुळीत गुलाबी पटले, म्हणजे हायलाइन मेम्ब्रेन, ही डिफ्यूज अल्व्हिओलर डॅमेजची खूण. पहिल्या आठवड्यात ती ठळक असतात. पुढे टाइप-२ पेशी वाढतात, तंतुपेशी शिरतात आणि पटले विरत जातात. आजार किती दिवसांचा, याचा अंदाज काचपट्टीवरून बांधता येतो तो असा.

मात्र वायुकोश न्यूट्रोफिल्सनी गच्च भरले असतील, तर केवळ विषाणूवर थांबू नये. अस्तर झडले की न्यूमोकोकस आणि स्टॅफिलोकॉकसला वाट मोकळी होते. १९१८ च्या साथीतील बहुसंख्य मृत्यूंमागे असाच जिवाणूजन्य न्यूमोनिया होता. ग्रॅम स्टेन त्यासाठीच करायचा.

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्णही पुण्यातच सापडले. त्या आजारातही डिफ्यूज अल्व्हिओलर डॅमेज तोच, पण बारीक रक्तवाहिन्यांतील गुठळ्यांचे प्रमाण अधिक. नुसत्या हायलाइन मेम्ब्रेनवरून विषाणूचे नाव सांगता येत नाही. त्यासाठी ऊतीची पीसीआर तपासणी किंवा इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री लागते. संसर्गाच्या धास्तीने त्या काळात शवविच्छेदने फार कमी झाली, याची हळहळ वाटते.

आपल्याकडे क्षय विसरून चालत नाही. फुप्फुसाच्या शेंड्याला जुना व्रण किंवा चीजसारखा मऊ पांढरट भाग दिसला, तर साथ कोणतीही असो, झेडएन स्टेन लावलाच पाहिजे.

प्रत्येक खंडाचा एक तुकडा, मुख्य श्वसनीचा एक आणि श्वासनलिकेचा एक, एवढे नमुने प्रत्येक वेळी घ्यावेत. यात श्वासनलिकाच सर्वाधिक वेळा राहून जाते, आणि देह नातेवाइकांच्या ताब्यात गेल्यावर तो तुकडा पुन्हा मिळत नाही.