खुर्ची फक्त सणापुरती नको

सणांचे दिवस जवळ आले की लहान गावातल्या पोलीस ठाण्यात एक बैठक ठरलेली असते. शांतता समितीची बैठक. गणेश मंडळांचे कार्यकर्ते येतात, मशिदींचे विश्वस्त येतात, मोहल्ल्यातले चार-दोन ज्येष्ठ येतात. चहा होतो, मिरवणुकीचा मार्ग ठरतो, लाऊडस्पीकरची वेळ ठरते. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात फोटो येतो. त्यात टोपी घातलेले दोन-तीन चेहरे पहिल्या रांगेत असतात.

या बैठकांना कोणी नावे ठेवू नयेत. त्यांचे मोल आपण गेल्या काही वर्षांत पाहिले आहे. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आल्या. मुंबईसह अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरवले आणि सरकारने २९ सप्टेंबरची सुट्टी जाहीर केली. २०२४ मध्ये दोन्ही दिवस पाठोपाठ आले, तेव्हा मुंबईचा जुलूस १८ सप्टेंबरला निघाला. २०२५ मध्ये ईद-ए-मिलाद ५ सप्टेंबरला आणि विसर्जन ६ तारखेला होते. मुंबईत जुलूस ८ तारखेला गेला. तीन वर्षे एवढे मोठे समुदाय एकमेकांना वाट देऊन गेले. हे कोणाच्या हुकमाने झाले नाही. लोक एकत्र बसले, बोलले, दोन पावले मागे सरकले. मश्वरा म्हणतात तो हाच.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. सण संपला की ती खुर्ची कुठे जाते? पहिल्या रांगेत बसलेले आपले ज्येष्ठ पुढचे दहा महिने कोणत्या सभेत दिसतात? शांतता समितीत नळाच्या पाण्याचा विषय निघत नाही. गटाराचा निघत नाही. उर्दू शाळेच्या गळक्या छपराचा निघत नाही. ते निघावेत अशी ती जागाही नाही. त्या विषयांची जागा नगरपरिषदेच्या सभागृहात आहे, आणि तिथे आपल्याला बोलावणे येत नाही म्हणून आपण जात नाही.

आमचे गाव तालुक्याचे. नगरपरिषद 'क' वर्गाची, म्हणजे चाळीस हजारांच्या आतली. अशा गावातल्या माणसाची एक वेगळीच अडचण असते. खेड्यात राहणाऱ्याला ग्रामसभा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा खेड्यातल्या पोरांनाही पाठ असतात, आणि मतदार यादीत नाव असलेला कोणीही तिथे उठून सरपंचाला प्रश्न विचारू शकतो. मोठ्या शहरासाठी घटनेने प्रभाग समित्या सांगितल्या आहेत, पण त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्या असेल तिथे. मधल्या गावांसाठी घटनेने अशी सक्ती केलेली नाही. त्यामुळे आमच्यासारख्या गावचा नागरिक मत देतो आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत घरी बसतो.

तरी दार बंद नाही. महाराष्ट्रात नगरपरिषदेची सभा लोकांसाठी खुली असते. एखादा विषय बंद दाराआड घ्यायचा असेल तर तसा ठराव सभासदांना बहुमताने करावा लागतो. प्रेक्षकाला बोलता येत नाही, पण ऐकता येते. कोणत्या नगरसेवकाने तोंड उघडले आणि कोण चहा पिऊन उठला, हे डोळ्यांनी पाहता येते. आमच्याकडे प्रेक्षकांसाठी ठेवलेल्या बाकावर बहुतेक वेळा कोणीही नसते.

आता आपल्या समाजाचे कार्यक्रम पाहा. रमजानमध्ये इफ्तार, नंतर ईद मिलन, जूनमध्ये दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार. शाल येते, गुलदस्ता येतो, पाहुणे मंचावर बसतात. मग जमातीतले कोणीतरी माइक हातात घेऊन सांगते, "साहेब, कब्रस्तानच्या भिंतीचे तेवढे बघा." साहेब म्हणतात, "झाले समजा." टाळ्या होतात. आमच्याकडे अशा टाळ्या लागोपाठ तीन वर्षे वाजल्या. भिंत काही उभी राहिली नाही. पावसाळ्यात शेजारच्या नाल्याचे पाणी कब्रींपर्यंत येत राहिले, जनावरे आत शिरत राहिली. ज्यांची आई, ज्यांचे वालिद तिथे दफन आहेत त्यांनी ते पाहिले आणि मान खाली घातली.

चौथ्या वर्षी महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या एका चाचांनी मंचाखालूनच विचारले, "साहेब, हा विषय कोणत्या सभेच्या विषयपत्रिकेवर आहे?" लोक हसले. पाहुणेही हसले. पण उत्तर कोणाकडेच नव्हते, कारण विषय कधी कागदावर आलाच नव्हता.

मग चाचांनी कागद हातात घेतला. पहिला अडथळा आपल्याच घरात निघाला: जागा कोणाच्या नावावर आहे? मिळकत पत्रिका काढली, वक्फ मंडळाच्या नोंदीची प्रत शोधली. त्यात दोन महिने गेले. मग मुख्याधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज लिहिला. त्यात भिंतीची अंदाजे लांबी, नाल्याची बाजू आणि चार फोटो होते. अर्ज आवक खिडकीवर दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेऊन आले. तो क्रमांक त्यांनी डायरीत लिहिला आणि दर पंधरा दिवसांनी जाऊन विचारत राहिले. प्रभागातल्या नगरसेवकाला सांगितले, "तुम्ही भाषण करू नका, फक्त हा क्रमांक सभेत वाचा." विषय विषयपत्रिकेवर आला. अभियंता मोजमाप घेऊन गेला. ठराव झाला, निविदा निघाली. आज दोन बाजूंची भिंत उभी आहे. नाल्याकडच्या बाजूची हद्द अजून ठरायची आहे. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची फी भरली आहे, तारीख मिळालेली नाही. काम अर्धे आहे. पण तीन वर्षांच्या टाळ्यांनी जे झाले नव्हते ते एका आवक क्रमांकाने अर्ध्यावर आणले.

हे मी मोठेपणा सांगण्यासाठी लिहीत नाही. यात एक समज दडलेली आहे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा अठरा विषयांची यादी आहे. पाणीपुरवठा, सफाई, रस्ते, दिवाबत्ती त्यात आहेत. चौदावा विषय दफन, दफनभूमी आणि दहन, स्मशानभूमी यांचा आहे. म्हणजे कब्रस्तान आणि स्मशान एकाच ओळीत, एकाच कामाखाली आहेत. कब्रस्तानची भिंत मागणे म्हणजे कोणाकडे मेहरबानी मागणे नव्हे, जसे स्मशानाचा रस्ता मागणे मेहरबानी नाही. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची नागरी भागातल्या मूलभूत सुविधांसाठी अनुदानाची योजनाही आहे, आणि तिचा प्रस्ताव नगरपरिषदेमार्फत जातो. आपण मंचावरून विनंती करतो तेव्हा हक्काचे काम उपकार होऊन बसते. अर्ज करतो तेव्हा ते काम काम राहते.

माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगते. सहावीच्या नागरिकशास्त्रात स्थानिक शासनाचा भाग असतो. उर्दूत नगरपरिषदेला बलदिया म्हणतात. मुलांनी बलदियाची कामे घडाघडा सांगितली. मी विचारले, "बलदिया कुठे आहे?" वर्ग गप्प. एक मुलगा म्हणाला, "टीचर, दिल्लीत असेल." त्याच्या घराची पाणीपट्टी ज्या इमारतीत भरली जाते तीच ही बलदिया, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मग गृहपाठ दिला: आपल्या प्रभागाच्या दोन्ही नगरसेवकांची नावे घरून विचारून आणा. दुसऱ्या दिवशी नावे आली. एका प्रभागातून एक महिला निवडून आल्या आहेत. त्या प्रभागातल्या बहुतेक मुलांनी त्यांच्या नवऱ्याचे नाव लिहून आणले होते.

मुलांचे काय चुकले? घरात जे नाव ऐकले ते त्यांनी लिहिले. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. आपल्या भगिनीही निवडून येतात. पण कायद्याने दिलेली खुर्ची घरातल्या पुरुषाने वापरावी, हे आपण सगळ्यांनी मुकाट मान्य केले आहे. शांतता समितीच्या फोटोत तर बाई शोधावी लागते. नळाला पाणी किती वाजता येते, किती हंडे भरतात, पाण्याला वास कधी येतो, हे मोहल्ल्यात सर्वांत पक्के कोणाला माहीत असते? जिला माहीत असते ती घरी, आणि ज्याला माहीत नसते तो सभेत. मग ठराव कसा होणार?

"टीचर, आपल्याला तिथे कोण विचारतो?" असे मला अनेकांनी म्हटले आहे. या प्रश्नात दुखणे आहे, ते मी उडवून लावत नाही. सभागृहात आपली संख्या कमी असते. कधी कधी आपला विषय निघाला की दोन-चार चेहऱ्यांवर आठी पडते. सभेला जाऊन बसले की सगळे मिळते, असे नाही. पण न जाण्याने काय होते तेही पाहा. विकास आराखड्याचा मसुदा नोटीस बोर्डवर लागतो, हरकतींची मुदत असते, मुदत संपते. नंतर कळते की आपल्या गल्लीवरून रस्ता आखला आहे. मग मोर्चा, मग निवेदन, मग "तेव्हा का नाही बोललात?" हे उत्तर. वेळेवर दिलेला अर्ज लहान असतो. वेळ गेल्यावरचा मोर्चा मोठा असला तरी तो उशिराचा असतो.

दुसरी एक सवय आपण सोडली पाहिजे. सभेत फक्त "आपल्या" विषयासाठी जाण्याची सवय. कब्रस्तान, शादीखाना, उर्दू शाळा हे आपले विषय आहेतच. पण पाण्याची टाकी सगळ्या गावाची आहे, कचरा डेपोचा धूर सगळ्यांच्या घरात जातो, बसस्थानकासमोरचा खड्डा कोणाची जात विचारत नाही. ज्या दिवशी मोहल्ल्यातला माणूस पलीकडच्या वस्तीच्या पाण्यासाठी अर्जावर सही करेल, त्या दिवशी त्याच्या भिंतीच्या अर्जाकडेही गाव वेगळ्या नजरेने पाहील. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने काही थोडा सांगितलेला नाही.

ही वेळही महत्त्वाची आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी नगरपरिषदांवर कित्येक वर्षे प्रशासक होते. निवडून आलेले सदस्यच नव्हते, तर सभा ऐकायची कोणाची? लोकांची सवयच मोडली. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या. बहुतेक ठिकाणी २ तारखेला, काही ठिकाणी २० तारखेला मतदान झाले आणि २१ तारखेला मतमोजणी झाली. आता सभागृहे पुन्हा भरली आहेत. नवे सदस्य शिकत आहेत. आपणही त्यांच्याबरोबर शिकू शकतो. पुढच्या पाच वर्षांची सवय आत्ताच लागणार आहे, त्यांनाही आणि आपल्यालाही.

सुरुवात फार मोठी नको. प्रत्येक मोहल्ल्याने दोन माणसे ठरवावीत, त्यातली एक स्त्री असावी. त्यांनी सभेची तारीख काढावी, विषयपत्रिका मिळवावी आणि जाऊन बसावे. परतल्यावर काय झाले ते दहा ओळींत लिहावे. मशिदीच्या दाराशी जिथे नमाजच्या वेळा लावतात, तिथे तो कागद लावावा; मराठीत आणि उर्दूतही, म्हणजे घरातल्या बुजुर्गांना वाचता येईल. बायकांसाठी तोच कागद शाळेच्या फाटकावर आणि रेशन दुकानापाशी लावावा. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, त्यामुळे अंदाजपत्रक त्याआधी ठरते. आपल्या मागण्या दिवाळीच्या सुमारास लिहून गेल्या पाहिजेत, मार्चमध्ये नव्हेत. सभेचे इतिवृत्त मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. २००५ च्या त्या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार आपल्या समित्यांच्या सभा लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त पाहायला मिळते का, हे कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचे असते. अर्जात तेवढे एक वाक्य लिहिले तरी कारकून मान वर करून पाहतो.

तरुण मुलांना एक सांगणे आहे. तुम्ही जुलूसचे नियोजन किती छान करता! पाणी कुठे ठेवायचे, रस्ता कोणी सांभाळायचा, रुग्णवाहिका आली तर वाट कशी करायची, याची यादी तुमच्याकडे तयार असते. तीच यादी करण्याची हातोटी वर्षातल्या बाकीच्या दिवसांतही वापरा. गल्लीतले बंद दिवे मोजा. विजेच्या खांबांचे क्रमांक लिहा. तुंबलेल्या गटाराचा फोटो काढा, तारीख टाका आणि अर्जाला जोडा. स्टेटसवर टाकलेला फोटो चोवीस तासांत जातो, अर्जाला जोडलेला फाइलमध्ये राहतो.

या महिन्यात एकच काम करा. आपल्या नगरपरिषदेत जा आणि विचारा, "पुढची सर्वसाधारण सभा कधी आहे?" उत्तर कॅलेंडरवर लिहून ठेवा, जिथे दूधवाल्याचा हिशेब लिहिता तिथेच. आणि त्या दिवशी घरातून निघताना आईला, बहिणीला, बायकोला विचारा, "चलतेस का?"