फोनमधला इन्स्टॉलर काढता यायला हवा का?

दिवाळीत आईसाठी नाशिकच्या एम. जी. रोडवरून नवा फोन घेतला. घरी आणून सेटअप केला आणि चहा होईपर्यंत त्यात तीन गेम येऊन बसले. आई म्हणाली, "हे तू टाकलंस का रे?" मी टाकले नव्हते, दुकानदारानेही नाही. फोनसोबतच आलेल्या एका इन्स्टॉलर अॅपचा तो उद्योग होता. गेम काढले. त्या इन्स्टॉलरसमोर मात्र ‘अनइन्स्टॉल’ हे बटणच नाही.

असं का होतं? आपण ब्राउझरमधून एपीके उतरवली की अँड्रॉइड आधी परवानगी मागतं. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, ती प्रत्येक अॅपला वेगळी द्यावी लागते. पण कारखान्यातच सिस्टिम पार्टिशनवर बसवलेल्या अॅपला कंपनी जादा अधिकार देऊ शकते, आणि त्यात तुम्हाला न विचारता दुसरं अॅप इन्स्टॉल करणंही येतं. ते पार्टिशन आपल्याला बदलता येत नाही. फार तर अॅप ‘डिसेबल’ करायचं.

आपल्याकडे हा मुद्दा कायद्यापर्यंत पोचून परत आलाय. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला १३३७.७६ कोटी रुपये दंड केला. आधीपासून असलेली गुगलची अॅप्स लोकांना काढता आली पाहिजेत, असंही सांगितलं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण अॅप काढू देण्याचा तो निर्देश रद्द केला. म्हणजे कंपनीला दंड झाला, आपल्याला बटण काही मिळालं नाही!

मग २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागाने नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ सक्तीने द्यायला सांगितलं. त्याच्या सुविधा बंद करता येऊ नयेत, असंही आदेशात होतं. ओरड झाली, ‘नको असेल तर डिलीट करा’ असं मंत्री म्हणाले, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. चोरीचा फोन ब्लॉक करायला ते अॅप उपयोगी आहे, मीही वापरतो. पण सरकारी अॅपवर पाच दिवसांत जेवढा गोंधळ झाला, तेवढा कंपन्यांच्या इन्स्टॉलरवर कधी झालेला मला तरी आठवत नाही.

माझं मत विचाराल तर यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘हे अॅप इन्स्टॉल करायचं का?’ असं विचारणारा सिस्टिमचा पॅकेज इन्स्टॉलर राहिलाच पाहिजे. तो दारावरचा वॉचमन आहे, त्याला काढलं तर फोनचंच नुकसान. पण स्टोअर किंवा गुपचूप अॅप आणणारा इन्स्टॉलर हा दुकानदार आहे. तो ऐच्छिकच हवा. हे अशक्यही नाही. युरोपीय संघात डिजिटल मार्केट्स अॅक्टमुळे डिसेंबर २०२४ च्या आयओएस १८.२ पासून आयफोनवरून चक्क अॅप स्टोअर काढता येतं. हवं झालं तर सेटिंग्जमधून परत घ्यायचं.

‘अशा अॅप्सच्या पैशांमुळेच फोन स्वस्त मिळतो’ हे उत्तर मी दुकानातच ऐकलंय. ठीक आहे, पण मग तसं बॉक्सवर छापा ना! घेणारा ठरवेल.

आईच्या फोनमधला इन्स्टॉलर मी डिसेबल केला होता. मागच्या सिस्टिम अपडेटनंतर तो पुन्हा चालू झालाय.