जैतापूरच्या विजेचा दर

नाशिककरांना वीजकेंद्र म्हटले की एकलहऱ्याची धुराडी आठवतात. तेथे 210 मेगावॉटचे तीन संच आहेत. राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर योजलेल्या जैतापूर अणुवीज प्रकल्पाची क्षमता 9,900 मेगावॉट. म्हणजे एकाच किनाऱ्यावर जवळजवळ सोळा एकलहरे, तीही धूर आणि राख यांवाचून. असा प्रकल्प कोणाला हवासा वाटला तर नवल नाही. तथापि त्याविषयीचा सारा वाद किरणोत्सर्ग आणि विकास या दोन शब्दांभोवती फिरत राहिला आणि वीज युनिटला किती रुपयांना पडणार, हा साधा हिशेबी प्रश्न मागे पडला.

फ्रान्सच्या अरेव्हा कंपनीशी न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनचा सामंजस्य करार 2009 साली झाला. पाच गावांची 938 हेक्टर जमीन घेण्यात आली. मार्च 2011 मध्ये फुकुशिमा घडले आणि पुढच्याच महिन्यात नाटे येथील पोलीस गोळीबारात एका आंदोलकाचा बळी गेला. 2013 साली भरपाई हेक्टरी 22.5 लाख रुपयांपर्यंत वाढली. ती अर्थातच सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांना. साखरी नाट्याच्या मच्छिमारांचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नाही. केंद्रातून समुद्रात सुटणाऱ्या गरम पाण्याने मासळी दूर गेली तर त्यांनी दाद कशाच्या आधारे मागायची?

एवढे होऊनही अणुभट्टीचे बांधकाम सुरू झाले नाही, याचे कारण केवळ आंदोलन नव्हे. मध्यंतरी अरेव्हाच डबघाईस आली आणि तिचा अणुभट्ट्यांचा व्यवसाय फ्रान्सच्याच ई.डी.एफ. कंपनीने घेतला. तिने 2021 साली प्रस्ताव दिला. घोडे अडले ते किमतीपाशी. येथे बसवावयाच्या ई.पी.आर. भट्टीचा लौकिक पाहता ते स्वाभाविक आहे. फ्रान्समध्ये फ्लामनव्हिल येथे अशा भट्टीचे काम 2007 साली सुरू झाले आणि वीज मिळाली डिसेंबर 2024 मध्ये, 3.3 अब्ज युरोंचा अंदाज 13 अब्जांवर गेला. फिनलंडमधील भट्टीलाही 2005 ते 2023 इतका काळ लागला. अणुविजेत इंधनाचा खर्च थोडा, भांडवल आणि व्याज यांचा मोठा. विलंबाचे प्रत्येक वर्ष युनिटच्या दरात उतरते.

महाराष्ट्राने हा अनुभव एकदा घेतला आहे, आणि तोही रत्नागिरी जिल्ह्यातच. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प 1999 साली सुरू झाला; वीज मंडळाला त्याचा दर परवडेना आणि 2001 मध्ये तो बंद पडला. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने नवा अणुऊर्जा कायदा संमत करून परदेशी पुरवठादारांना खटकणारी दायित्वाची अडचण बरीचशी दूर केली. पुरवठादाराची अशी काळजी वाहिली जात असता, मालेगावच्या यंत्रमागवाल्याला आणि नाशिकच्या घरगुती ग्राहकाला दर कळू नये, हे समर्थनीय नाही. करारावर सही होण्यापूर्वी, विलंबाचा बोजा कोण सोसणार या कलमासह, तो आकडा विधिमंडळाच्या पटलावर ठेवला गेला पाहिजे.