पोलाद वजन देतं, शिस्त देत नाही



आपल्या इंदूरच्या मराठी घरांत आता नातवंडं क्रिकेटइतकीच नेमबाजीची नावं घेतात. चांगलंच आहे. पण मग आजोबा माझ्यासारख्या निवृत्त बँकवाल्याला गाठून विचारतात, "पिस्तुलासाठी एफडी मोडू का हो?" माझं उत्तर ठरलेलं आहे: आत्ता नको. का, ते जरा तपशिलात सांगतो. नुसतं 'नको' म्हटलं की पोरं ऐकत नाहीत.

पोरांच्या मोबाईलवर हल्ली एक पिस्तूल फार फिरतं, 'सीझेड शॅडो २'. चेक प्रजासत्ताकातल्या उहेर्स्की ब्रोदच्या कारखान्याचं, २०१६ साली आलेलं. मूळ घराणं १९७५ च्या 'सीझेड ७५' चं. आयपीएससी नावाच्या धावत-पळत खेळायच्या नेमबाजीत त्याचा मोठा बोलबाला. फ्रेम अख्खी पोलादी, रिकामं वजन साधारण १,३३० ग्रॅम. प्लास्टिकच्या फ्रेमची पुष्कळ पिस्तुलं याच्या जवळपास निम्म्या वजनात बसतात.

मग एवढं वजन कशाला? हिशेब साधा आहे. गोळी तीच, धक्का तोच. पिस्तूल दुप्पट जड असेल तर ते मागे येतं निम्म्या वेगानं. शिवाय नळीखालचा फ्रेमचा भाग पुढपर्यंत भरीव, म्हणजे वजन तोंडाकडे, म्हणून तोंड कमी उसळतं. स्लाइड फ्रेमच्या आतल्या बाजूनं सरकते, त्यामुळे नळी मुठीच्या जवळ राहते. ट्रिगर-गार्डच्या मागे खालून कोरून घेतलंय, मूठ आणखी वर चढते. दुसरी गोळी लवकर आणि नेमकी जाते ती या सगळ्यामुळे. कारागिरी पक्की आहे, वादच नाही.

पण व्हिडिओत उरलेली बाजू दिसत नाही. स्लाइड आत बसल्यामुळे ओढताना बोटांना धरायला जागा कमी. चौदा-पंधरा वर्षांच्या मनगटाला सव्वा किलोच्या वर वजन वारंवार उचलून धरायचं म्हणजे हात थकतो, आणि थकलेला हात चुकीच्या सवयी लावून घेतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हॅमर. आयपीएससीच्या प्रॉडक्शन गटात असं पिस्तूल भरल्यावर हॅमर खाली उतरवूनच सुरुवात करावी लागते. या पिस्तुलाला त्यासाठी वेगळी कळ नाही. चेंबरमध्ये जिवंत काडतूस असताना अंगठ्यानं हॅमर धरायचा, ट्रिगर दाबायचा आणि हळूच खाली आणायचा. ट्रिगर स्वच्छ सुटावा म्हणून फायरिंग पिन अडवणारा आतला खटकाही ठेवलेला नाही. अंगठा निसटला की गोळी सुटलीच. म्हणजे यंत्रानं एक जबाबदारी काढून माणसाच्या अंगठ्यावर टाकली आहे.

बँकेत आम्ही याला जॉइंट कस्टडी म्हणायचो. तिजोरीच्या दोन किल्ल्या, दोघांकडे. एकावर कितीही विश्वास असला तरी दोन्ही कधी एकाच्या खिशात नाहीत. पिस्तुलाचंही तसंच आहे. एक किल्ली यंत्राची, दुसरी माणसाच्या सवयीची. यंत्राची किल्ली जिथे मुद्दाम सैल ठेवली आहे, तिथे सवयीची पक्की नसेल तर तिजोरी उघडीच म्हणायची.

आणि ही सवय विकत मिळत नाही. हातात घेतलं की आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघा. हा क्रम उलटला तर चेंबरमध्ये नवं काडतूस जाऊन बसतं! तोंड कायम लक्ष्याच्या दिशेला. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. सामन्यात पिस्तूल हातातून पडलं तर स्वतः उचलायचंही नाही, रेंज ऑफिसर उचलतो, आणि खेळाडू स्पर्धेतून बाद. कडक वाटेल, पण याच कडकपणामुळे हा खेळ आहे.

हेच धडे १० मीटर एअर पिस्तुलावर तसेच्या तसे शिकता येतात. तिथेही नळीत सेफ्टी फ्लॅग घालावा लागतो. वजनाची मर्यादा १,५०० ग्रॅम, ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा. पुढे २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल, .२२ बोअर, वजन १,४०० ग्रॅमपर्यंत, ट्रिगर किमान १,००० ग्रॅमचा. आपल्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते याच २५ मीटर प्रकारात. आणि आपल्या शेजारी महूला सेनेचं मार्क्समनशिप युनिट आहे. तिथे घडलेल्या विजय कुमारनं २०१२ ला लंडनमध्ये रॅपिड फायर पिस्तुलात रौप्य आणलं. शॅडो २ मात्र ९ मि.मी., आणि तो बोअर आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळतच नाही. मग ज्या दाराची किल्लीच आपल्याला मिळणार नाही, त्यासाठी पोराला झुरत कशाला ठेवायचं?

दुसरं टोकही मला पटत नाही. "शी, बंदूक! आपल्या घरात नको" म्हणणारी काकू-मावशी मंडळी आपल्यात कमी नाहीत. त्यांना एकच विनंती, एकदा रेंजवर जाऊन शांत बसा. साठ गोळ्यांसाठी श्वास आवरणारी पोरं बघा. गुंडगिरीशी या खेळाचा काही संबंध नाही, असेल तर तो संयमाशी.

तेव्हा आजोबा लोकहो, एफडी राहू द्या. एक वर्ष प्रशिक्षकाची फी भरा, क्लबचंच पिस्तूल वापरू द्या. वर्षभरानंतर नातू कोणी न सांगता, रिकामं आहे हे माहीत असूनही, दर वेळी चेंबर बघत असेल, तर खुशाल या माझ्याकडे. मोडायचा फॉर्म मीच भरून देईन.