उकिडवे बसून पाहा!

कपडा घ्यायला गेलेल्या माणसाने दुकानात आरशापुढे उभे राहू नये. उकिडवे बसावे. बसता आले तर उठावे, दोन्ही हात आढ्याकडे न्यावेत, मग स्वतःच स्वतःला कडकडून मिठी मारावी. आणि एवढे करूनही कुठे टर्रकन आवाज आला नाही, तरच खिशात हात घालावा. हे माझे ठाम मत आहे. ते मी केळव्यात बोललो, पालघरात बोललो आणि एका लग्नात साक्षात नवरदेवाच्या तोंडावर बोललो. त्याच्या शेरवानीचे पुढे काय झाले ते सांगत नाही. सप्तपदीत सात पावले असतात आणि ती शेरवानी पाचच पावलांची होती, एवढ्यावरून काय ते समजा.

आपल्याकडे कपड्याची सगळी परीक्षा उभ्याउभ्या होते, तीही श्वास रोखून. दुकानदार म्हणतो, "काय दिसतंय साहेब!" बायको म्हणते, "मागे वळा." आपण मागे वळतो. झाली परीक्षा! जसे काही उरलेले आयुष्य आपण एखाद्या चौथऱ्यावर उभे राहून काढणार आहोत आणि लोक फक्त मागून-पुढून बघून जाणार आहेत. अहो, माणूस वाकतो, बसतो, चढतो, पडतो. केळवे रोडला उतरून रिक्षात चौथा म्हणून बसतो. कपड्याला हे आधी कळायला नको?

हा वाद आत्ताच उकरून काढायला निमित्त झाले आमच्या भाच्याचे. हा मुलगा नॉर्वेत बर्गनला असतो. तिथे त्याला समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघण्याचा नाद लागला आहे. (आमच्या केळव्यात मासे बघायला तळाशी जावे लागत नाही. बाजारात जावे लागते. पण ते असो.) तिकडचा समुद्र हिवाळ्यात चार-पाच अंशांवर असतो, आणि पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने पळवते. म्हणून त्याला 'ड्राय सूट' घ्यायचा आहे. ड्राय सूट म्हणजे पाण्यात जायचे, पण भिजायचे नाही, यासाठी काढलेली युक्ती. गळ्याशी आणि मनगटांशी रबराच्या घट्ट पट्ट्या, पायात सुटालाच जोडलेले बूट, पाणी आत न सोडणारी लांबलचक चेन, आणि आत चक्क लोकरी कपडे. याचा धाकटा भाऊ 'वेट सूट'. तो ह्यू ब्रॅडनर नावाच्या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने १९५२ च्या सुमारास शोधला. त्यात थोडे पाणी शिरते आणि तेच अंगाच्या उबेने कोमट होऊन राहते. बर्गनच्या पाण्यात धाकट्यावर फार वेळ भागत नाही, थोरलाच लागतो.

झाले! भाच्याने व्हिडिओवर चार सुटांची चित्रे दाखवली आणि आमच्या घरात समुद्रशास्त्राचे विद्यापीठ उघडले. थोरले मामा म्हणाले, "मोठा घे. पुढे पोट सुटेल." मावशी म्हणाली, "काळा घे. मळ दिसत नाही." समुद्राच्या तळाशी कोण मळ बघायला येणार आहे, हे तिने सांगितले नाही. भाच्याच्या एका मित्राचे मत, "टाइट घे. रबर आहे, ताणेल. फोटोत मस्त दिसतो." आणि आमच्या मातोश्री म्हणाल्या, "पाण्यात जाऊच नको." हे एक मत सोडले तर बाकीची तीन सपशेल चुकीची आहेत, आणि ती तशी का आहेत हे सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

आधी घट्टवाल्यांचा समाचार घेऊ. सगळेच ड्राय सूट ताणत नाहीत. एक जात निओप्रीनची. ते फुगीर रबर ताणते खरे, अंगाला ऊबही देते, पण खोल गेले की दाबाने त्याच्यातले हवेचे बुडबुडे आक्रसतात आणि ऊब कमी होते. दुसरी जात तीन थरांच्या कापडाची : दोन बाजूंना नायलॉनसारखे कापड, मध्ये ब्यूटिल रबर. हे हलके असते, लवकर वाळते, पण ताणण्याचे नाव काढत नाही. त्याचा मोकळेपणा कापडात नसतो, कापणीत असतो. म्हणजे सगळा खेळ शेवटी शिंप्याचा! पाठीवर सिलिंडर असतो आणि त्याची चावी मानेमागे. तिथे हात पोचला नाही तर ऐन वेळी ती चावी आहे म्हणून उपयोग काय? सुटातली हवा सोडायची झडप बहुधा डाव्या दंडावर असते. वर येताना डावे कोपर उंच करून ती हवा सोडावी लागते. कोपर उचलले नाही तर हवा पसरत जाते, सूट फुग्यासारखा फुगतो आणि माणूस बुचासारखा सुसाट वर येतो. असे सुसाट वर येणे फुप्फुसांना आणि रक्ताला मानवत नाही. त्यात जीवही जातो. फोटोत मस्त दिसणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

आता थोरल्या मामांचा 'मोठा घे' पक्ष. हा पक्ष आपल्या देशात शाळेच्या गणवेशापासून सत्तेवर आहे. पण जमिनीवर वाढत्या अंगाच्या चड्डीत फार तर वारा शिरतो. पाण्यात वाढत्या अंगाच्या सुटात हवा उंडारत फिरते. ती पायांकडे गेली की पाय वर आणि डोके खाली. शीर्षासनाला माझा विरोध नाही, पण ते आपल्या इच्छेने घडावे. त्यातून सुटायला गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारावी लागते, आणि त्यालाही पुन्हा सुटात गुडघ्यांपाशी मोकळीक लागतेच. मोठ्या बुटातून पाय निसटतो तो वेगळाच. शिवाय दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो, आतली हवा निम्म्या जागेत मावते, आणि ढगळ सुटाच्या चुण्या कातडीला चिमटे काढू लागतात. छातीवरच्या बटणाने सिलिंडरमधली थोडी हवा आत घेत राहावे लागते. थोडक्यात, हा कपडा नेसून भागत नाही. त्याच्याशी पाण्यात असेपर्यंत संसार करावा लागतो.

गळपट्टीचे तर विचारू नका. सैल झाली तर पाणी आत. आवळली तर मानेतल्या रक्तवाहिन्यांवर दाब येऊन भोवळ. पातळ लॅटेक्सची पट्टी कात्रीने जपून कापून गळ्याच्या मापाची करून घ्यावी लागते. घालताना टाल्कम पावडर लावावी लागते. भाच्याला मी म्हटले, "रंगाचं मावशीला विचार, गळ्याचं शिंप्याला विचार."

मग निवड करायची कशी? जे कपडे आत घालायचे तेच घालून सूट चढवावा. गळपट्टी किंचित ओढून, खाली बसून आतली जादा हवा बाहेर घालवावी. नंतर उकिडवे बसावे, मिठी मारावी, मानेमागे हात न्यावा, एक पाय पायरीवर ठेवावा. दुकानदार हसला तर हसू द्यावे. पाण्यात तो आपल्याबरोबर येणार नसतो.

आणि आता एक गंमत ऐका. काही चांगल्या सुटांत कमरेपाशी मुद्दाम जादा कापड ठेवतात, म्हणजे वाकताना पाठ लांबली तर कपडाही लांबावा. ते जादा कापड लोंबू नये म्हणून एक पट्टा दोन्ही पायांमधून घेऊन आवळतात. वाचकहो, याला आपण काय म्हणतो? काष्टा! बगलेत हात मोकळा राहावा म्हणून जादा तुकडा जोडतात. आमच्या आजोबांच्या बंडीला तोच चौबगला होता. जादा कापड आणि दोन पायांमधून आवळ, हे नऊवारी लुगड्याचे तत्त्व परदेशातली माणसे भारी किमतीला विकताहेत, आणि आपण? आपण ते खुंटीला टांगून जीन्स घालून समुद्रात चाललो आहोत!

रविवारी केळव्याच्या सुरूच्या बनात बसून बघा. आमच्या समुद्राला ड्राय सूट नको. पाणी साधारण २४ ते ३० अंश. त्यात ड्राय सूट घालणे म्हणजे वैशाखात गोधडी पांघरून चुलीपुढे बसणे. तळाशी बघायलाही काही नाही. गाळाने पाणी इतके गढूळ, की स्वतःचा गुडघा ओळखू येत नाही. म्हणजे इथे कपड्याचे काम सोपे : हातपाय मोकळे ठेवणे, बस्स. तरी मुंबईहून, वसई-विरारहून येणारी मंडळी काय नेसून पाण्यात शिरतात? बाप्ये जीन्समध्ये. बाया पाचवारी साडीत, पंजाबी ड्रेसात, वर ओढणी चार पिनांनी जखडलेली. ओले कापड पाण्यात असताना वजनाने मारत नाही, अडथळ्याने मारते. पायांना गुंडाळते, पाऊल उचलू देत नाही. आणि बाहेर येताना पाणी घेऊन येते, तेव्हा वजनानेही मारते. आमचा किनारा सपाट, ओहोटीला पाणी दूर जाते आणि भरतीला बघता बघता मागून येते. त्या वेळी लागतात मोकळे पाय. या पाण्यात माणसे गेली आहेत. सगळी कपड्यांनी नव्हे. भरतीचे वेळापत्रक न बघणे, पोहता न येणे, बाटलीतले धैर्य, ही कारणे आहेतच. पण जीव वाचवायच्या क्षणी ज्याचे पाय त्याच्याच सलवारीने बांधले आहेत, त्याला ही यादी वाचून काय उपयोग?

यावर लगेच संस्कृतीवाले उठतात. "म्हणजे आमच्या लेकीसुनांनी काय समुद्रावर तसले कपडे घालायचे?" तसले म्हणजे कसले? पोहण्याचे पोषाख आज मनगटापासून घोट्यापर्यंतचे मिळतात. त्यांत ओल्या साडीपेक्षा अंग जास्त झाकते. पण नाही. अंगाला चिकटलेली साडी ही मर्यादा, आणि अंग झाकणारा पोहण्याचा पोषाख हा थिल्लरपणा! हा हिशेब मला कुणी समजावून द्यावा. बहुतेक आक्षेप कापडाच्या लांबीवर नसतो, बाई पोहायला लागेल यावर असतो. किनाऱ्यावर चपला, पाकिटे आणि नातवंडे सांभाळत बसायला मग कोण उरणार?

आणि संस्कृतीच हवी असेल तर ती इथेच किनाऱ्यावर उभी आहे, जरा मान वळवा. कोळ्याचा सुरका बघा : वीतभर कापड, कुठे अडकत नाही, कुठे भिजून ओढत नाही. कोळणीचे लुगडे बघा : घट्ट काष्टा, गुडघ्याच्या वर, टोपली डोक्यावर घेऊन ती चिखलातून तुमच्या-माझ्यापेक्षा भरभर जाते. पानमळ्यात काम करणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या बाया लुगडे असेच खोचत. दिवसभर वाकायचे, उकिडवे बसायचे, उठायचे. त्यांनी कधी आरशात बघून विचारले नाही, "मागून कसं दिसतंय?" मागून बघणाऱ्याला कामाला लावायचे, हीच त्यांची रीत.

माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्यांचे पाण्याशी काम आहे त्यांनी, मग ते बर्गनचे असोत की केळव्याचे, कपडा एकाच रीतीने निवडला : आधी हालचाल, मग रूप. ज्यांचे पाण्याशी काम नाही त्यांनी उलटी रीत धरली आणि तिला सभ्यता म्हटले. पैसा परवडतो की नाही हा प्रश्नही इथे नाही. साधी अर्धी चड्डी आणि अंगाबरोबरचा बनियन, बायांना अंगाबरोबरचा पोहण्याचा पोषाख किंवा निदान ओढणी सोडून, पायांत न गुंतणारे काही, एवढ्याने आमच्या समुद्राचे समाधान होते. त्याची अपेक्षा बर्गनच्या समुद्राहून फार कमी आहे. पण तेवढीही आपण पुरी करत नाही.

भाच्याने अखेर तीन थरांचा, कमरेला जादा कापडाचा सूट पसंत केला आणि दुकानात उकिडवा बसून घेतला. दुकानातली नॉर्वेजियन बाई हसली नाही म्हणे. "आणखी एकदा बसा," म्हणाली. माणसे शहाणी असतात ती अशी.

राहता राहिला आरसा. केळव्याचा समुद्र गढूळ म्हणून लोक नाक मुरडतात. त्यात आपले रूप दिसत नाही, फोटो चांगले येत नाहीत, ही तक्रार. मला तर तो त्याचा मोठा उपकार वाटतो. देवाने एवढी मोठी जागा बिनआरशाची करून ठेवली आहे, तिथे तरी लोकहो, कसे दिसतो ते बघू नका. बसता येते का ते बघा!